आयर्न मॅनचा पुढचा सूट कसा असेल? माझ्या मते आधीपेक्षा कच्चा असायला हवा

टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, २०१९ च्या 'एंडगेम' ह्या पिक्चरमध्ये मेला त्याला इतकी वर्षं झाली, तरी आमच्या घरी गणपतीत चार पोरं जमली की विषय फिरून तिथेच येतो, की आता पुढच्या पिक्चरमध्ये चिलखतवाला हिरो आला तर त्याचा सूट काय काय करू शकेल. कोणी म्हणतं नॅनोच्या पुढे क्वांटम, कोणी म्हणतं नुसता विचार केला की अंगावर सूट हजर. इंदूरची आमची ही पोरं सगळे पिक्चर हिंदी डबमध्ये बघून मोठी झालेली, मार्क कितवा (सूटच्या प्रत्येक नमुन्याला मार्क आणि पुढे नंबर असतो) कुठल्या सीनमध्ये आला हे त्यांना पाढ्यांपेक्षा पाठ आहे. मी स्वतः पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे, दिवसभर वजन, उष्णता आणि बॅटरी ह्या तीन गोष्टींशी भांडतो, त्यामुळे हा प्रश्न मला फक्त गप्पांचा वाटत नाही. ह्यात सायन्स किती, गोष्ट किती आणि सिनेमा बनवणाऱ्यांची अडचण किती हे एकदा नीट सुटं करून सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारणं नंतर देतो. सूटची ताकद वाढवायला आता जागाच उरलेली नाही. पुढचा जो सूट लोकांच्या लक्षात राहील तो घालणाऱ्याला जास्त त्रास देणारा असेल, त्याला काहीतरी जमणार नाही, आणि जे जमणार नाही त्यातूनच पिक्चर उभा राहील.

हे कॅरेक्टर सुरू झालं तेव्हापासून असंच आहे. मार्च १९६३ च्या 'टेल्स ऑफ सस्पेन्स' ह्या कॉमिकच्या ३९ व्या अंकात आयर्न मॅन पहिल्यांदा आला, स्टॅन ली, त्याचा भाऊ लॅरी लीबर आणि चित्रकार डॉन हेक आणि जॅक किर्बी ह्यांनी तो घडवला. तेव्हा टोनी पकडला जातो व्हिएतनाममध्ये, सूट राखाडी आणि अवजड. पुढच्याच अंकात तो सोनेरी झाला आणि वर्ष संपायच्या आत स्टीव्ह डिटकोने त्याला लाल-सोनेरी करून टाकलं. म्हणजे सुपरमॅनचा ड्रेस बदलला की लोक चिडतात आणि ह्याचा बदलला नाही तर चिडतात, हे पहिल्या वर्षापासूनच ठरून गेलं. पण त्या जुन्या कॉमिकमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, त्याची छातीवरची प्लेट चार्ज करावी लागायची, भिंतीवरच्या सॉकेटला वायर लावून, नाहीतर हृदय बंद पडणार. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक, आणि त्याला रात्री प्लग शोधावा लागतो. ह्या एका गोष्टीवर त्यांनी कितीतरी अंक चालवले.

२००८ च्या सिनेमात दिग्दर्शक जॉन फेवरोने हेच पकडलं, व्हिएतनामच्या जागी अफगाणिस्तान आलं, बाकी पाया तोच. आता नीट आठवून बघा, पहिल्या पिक्चरमधला प्रत्येक सूट आधीच्या सूटच्या फजितीतून जन्माला आलाय. गुहेतला मार्क १ चालू व्हायला वेळ लागतो, कॉम्प्युटरवर लोडिंगची पट्टी सरकत असते, आणि तेवढा वेळ मिळावा म्हणून टोनीबरोबर कैदेत असलेला यिन्सेन बाहेर पळतो आणि मरतो. एका लोडिंगच्या पट्टीने माणूस गेला, आणि त्या मरणाचं ओझं टोनी शेवटपर्यंत वागवतो. मग चंदेरी मार्क २, तो खूप उंचीवर जातो आणि त्यावर बर्फ साठतो, सगळं बंद पडून टोनी खाली येतो. म्हणून मार्क ३ ला सोनं-टायटॅनियमचा मिश्रधातू. आणि शेवटच्या फायटिंगमध्ये तोच बर्फ टोनी वापरतो, तसाच सूट घातलेल्या व्हिलन ओबाडायाला वर वर नेतो आणि विचारतो की बर्फाचं काय केलंस, आणि त्याने काहीच केलेलं नसतं. शिवाय टोनीच्या छातीत हृदय आणि सूट दोन्ही चालवणारा त्या वेळी जुनाच रिअ‍ॅक्टर आहे, नवा चोरीला गेलाय, त्यामुळे पॉवर संपत चाललीये. कसला सुंदर लिहिलाय तो सीन, एकही नवीन शस्त्र न आणता.

दुसऱ्या पिक्चरमध्ये त्याला जिवंत ठेवणाऱ्या रिअ‍ॅक्टरमधलं पॅलेडियमच त्याचं रक्त नासवतं. मोनॅकोत सुटकेसमधून निघणारा मार्क ५ हलका आहे म्हणून मार पण जास्त खातो. तिसऱ्या पिक्चरमध्ये मार्क ४२ टेनेसीच्या बर्फात चार्जिंग संपून पडतो आणि टोनीला एका लहान मुलाच्या गॅरेजमध्ये तो चार्जिंगला लावून हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानावर व्हिलनच्या बंगल्यात घुसावं लागतं. बरेच लोक त्या पिक्चरला नावं ठेवतात, मला मात्र तो भाग फार आवडतो, कारण सूट काढून घेतल्यावर टोनीकडे काय उरतं हे तिथे दिसलं.

मग २०१८ ला 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मार्क ५० आला, नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा. छातीवर दोनदा टकटक केलं की सूट वाहत वाहत अंगावर येतो, हाताची तलवार होते, ढाल होते, हातोडा होतो, जे पाहिजे ते. दिसायला जबरदस्त, मी टीआय मॉलमध्ये पहिल्या आठवड्यात बघितला तेव्हा थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. पण लिहिणाऱ्यांची खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली, कारण जो सूट काहीही बनू शकतो त्याला अडवायचं कसं? दिग्दर्शक रूसो बंधूंनी तेव्हा एक हुशारी केली, नॅनोचा साठा मर्यादित ठेवला. व्हिलन थॅनॉस जसजसा तुकडे उडवतो तसतसा टोनी पाठीवरचं मटेरियल छातीवर, पायावरचं हातावर असं ओढत राहतो, शेवटी अर्धा उघडा पडतो आणि स्वतःच्याच नॅनो तलवारीने भोसकला जातो. हा साठा संपण्याचा हिशेब ठेवला म्हणून ती फायटिंग श्वास रोखून बघवते. 'एंडगेम'मधल्या मार्क ८५ नंतर मात्र वरची पायरीच शिल्लक नाही.

आता खरं सायन्स काय म्हणतं ते बघू, कारण पुढच्या सूटच्या अडचणी मला तिथेच पडलेल्या दिसतात, बाहेरून आणायची गरज नाही.

पहिली अडचण ऊर्जेची. गुहेत टोनी यिन्सेनला सांगतो की हा रिअ‍ॅक्टर सेकंदाला ३ गिगाज्यूल देईल. साध्या भाषेत ३ गिगावॉट, म्हणजे ३००० मेगावॉट. ज्या नर्मदेचं पाणी आपण इंदूरला पितो तिच्यावर पुनासाला इंदिरा सागर धरण आहे, त्याची वीज बनवायची क्षमता १००० मेगावॉट. तर तीन इंदिरा सागर त्या माणसाच्या छातीत बसवलेत. यिन्सेन म्हणतो ह्याच्यावर तुझं हृदय पन्नास जन्म चालेल, त्यावर टोनी म्हणतो, किंवा एखादी मोठी वस्तू पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत पुढच्या अकरा वर्षांची गोष्ट होती.

खऱ्या जगात काय होतं? समजा माणूस ७० किलो, सूट ३० किलो आणि बॅटरी १०० किलो. हे २०० किलो नुसतं हवेत तरंगत ठेवायला, सेकंदाला ५०० मीटर वेगाने हवा खाली फेकायची धरली, तर साधारण ५०० किलोवॉट लागतात. आजची चांगली लिथियम-आयन बॅटरी एका किलोत पाव युनिटच्या आसपास वीज साठवते, म्हणजे १०० किलोत २५ युनिट, म्हणजे तीन मिनिटं. तीन मिनिटांत राजवाड्याहून उडालात तर सुपर कॉरिडॉरच्या अलीकडेच कुठेतरी उतरायची वेळ येईल. रॉकेलसारख्या इंधनात किलोमागे जवळजवळ १२ युनिट ऊर्जा असते, म्हणून आज जे खरंच उडतात ते इंधनावर उडतात. ब्रिटनच्या रिचर्ड ब्राउनिंगने बनवलेला जेट सूट आहे, दोन्ही हातांवर आणि पाठीवर छोटे टर्बाइन, मिळून हजार हॉर्सपॉवरच्या वर, २०१९ मध्ये त्याने ताशी १३६ किलोमीटरचा रेकॉर्ड केला. २०२३ मध्ये आग्र्याला आपल्या सैन्यासमोरही त्याचं प्रात्यक्षिक झालं. पण त्यात चिलखत नाहीये हे लक्षात घ्या. उडणं आहे तिथे कवच नाही आणि कवच आहे तिथे उडणं नाही, कारण दोघांचं वजन एकाच खात्यातून जातं.

ताकदीच्या सूटचं पण तसंच. जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात हार्डिमॅन नावाचा सूट बनवायला घेतला, वजन जवळपास ६८० किलो, आणि पूर्ण चालू केला की तो इतका बेभान हलायचा की शेवटी एक हात तेवढा नीट चालला. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सने २०१३ मध्ये टॅलॉस नावाचा प्रोजेक्ट काढला, लोक त्याला सरळ आयर्न मॅन सूटच म्हणायचे, २०१९ मध्ये पूर्ण सूट न बनताच तो संपला. तुकड्या तुकड्यांमधून शिकायला मिळालं, पण अख्खा सूट नाही. आपल्याकडे महूला इन्फंट्री स्कूल आहे, तिथून शिकून गेलेल्या कुठल्याही जवानाला विचारा, बुलेटप्रूफ जॅकेटचा एकेक किलो चढावर काय भाव खातो ते तो सांगेल.

ऊर्जा कशीबशी मिळवली तरी उष्णता राहते, आणि ही गोष्ट पिक्चरमध्ये जवळपास कोणी दाखवतच नाही ह्याचं मला नवल वाटतं. कुठलंही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम नसतं. समजा टोनीचा रिअ‍ॅक्टर ९९.९ टक्के कार्यक्षम आहे, जगात कुठलंच इंजिन ह्याच्या जवळपास नाही, तरी पूर्ण ताकदीवर ३ गिगावॉटचा हजारावा भाग म्हणजे ३ मेगावॉट उष्णता होऊन बाहेर पडणार. घरचा गीझर २ किलोवॉटचा धरला तर हे दीड हजार गीझर एकदम चालू, सगळे सूटच्या आत आणि मध्ये माणूस. मला कोणी पुढचा पिक्चर लिहायला दिला तर मी इथूनच सुरू करीन. हिरोला शत्रू दिसतोय, ताकद पण आहे, पण आता फायर केलं तर चाळीस सेकंद सूट उघडून थंड करावा लागेल, आणि त्या चाळीस सेकंदांत तो उघडा. एवढी एक अट घातली तरी प्रत्येक फायटिंगचा नकाशा बदलतो, हिरोला पाणी शोधावं लागेल, रात्र निवडावी लागेल, उंचीवरची थंड हवा उपयोगी पडेल, जो बर्फ मार्क २ चा शत्रू होता तो मित्र होईल.

तिसरी अडचण शरीराची, आणि मला विचाराल तर ही सगळ्यात मोठी. चिलखत गोळी अडवतं, थांबणं अडवत नाही. तुम्ही सेकंदाला ३० मीटरने, म्हणजे ताशी १०८ ने येऊन भिंतीवर आपटलात आणि पाच सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर शरीराला जवळपास ९०० जी चा झटका बसतो, म्हणजे तुमच्या वजनाच्या ९०० पट. फायटर विमानाचे ट्रेनिंग घेतलेले पायलट खास सूट घालून ९ जी पर्यंत जातात, तेही हळूहळू चढणारे. १९५४ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या जॉन स्टॅप नावाच्या डॉक्टरने रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेऊन ४६.२ जी सोसले, वाचला, पण डोळ्यांत रक्त उतरून काही वेळ दिसेनासं झालं. सूटला बाहेरून ओरखडा येणार नाही, आत मेंदू कवटीवर आपटेल. गाड्यांमध्ये आम्ही म्हणूनच पुढचा भाग मुद्दाम चुरगळणारा करतो, थांबायला अंतर मिळावं म्हणून, आणि अंगाला चिकटलेल्या सूटमध्ये ते अंतर आणणार कुठून?

मार्व्हलने हे एकदाच खरं दाखवलं आणि ते मला विसरता येत नाही. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये टोनीच्याच बाजूच्या व्हिजनचा नेम चुकतो, टोनीचा मित्र रोडी ह्याच्या सूटचा रिअ‍ॅक्टर बंद पडतो आणि तो आकाशातून सरळ खाली येतो. टोनी पूर्ण वेगाने मागे जातो, पोचत नाही. सूट बऱ्यापैकी शाबूत, रोडीचं कंबरेखालचं शरीर गेलेलं. नंतर टोनी त्याच्या पायांसाठी यांत्रिक आधार बनवतो. आणि गंमत बघा, खऱ्या जगात एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगाबाहेर घालायचा यांत्रिक सांगाडा, सगळ्यात आधी उपयोगी पडलं ते इथेच, युद्धात नाही, मणक्याला इजा झालेल्या लोकांना उभं करायला, अमेरिकेत २०१४ मध्येच अशा एका यंत्राला घरी वापरायची परवानगी मिळाली. मार्व्हलच्या ह्या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात खरं चिलखत रोडीच्या पायात आहे.

नॅनोचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार खोल जायची गरज नाही. माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ धरा १.९ चौरस मीटर. त्यावर फक्त २ मिलिमीटर जाड टायटॅनियमचा थर द्यायचा तर पावणेचार लिटरच्या वर मटेरियल लागतं आणि वजन १७ किलो. म्हणजे छातीवरच्या त्या छोट्या चकतीत एवढं सामान मावणार नाही, आणि मावलं तरी ती चकती १७ किलोची असेल, टोनीला शर्ट घालून सरळ उभं राहता येणार नाही. सोनं-टायटॅनियमचं मात्र खरं आहे हं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की टायटॅनियमचे तीन अणू आणि सोन्याचा एक अशा जोडणीचा एक प्रकार साध्या टायटॅनियमच्या चौपट कठीण असतो. पण अणूंचा हिशेब वजनात मांडला तर त्यात निम्म्याहून जास्त सोनं होतं, आपल्या सराफ्यात दिवसा जाऊन अशा सूटचा भाव काढला तर टोनी स्टार्कच का हवा ते कळेल.

दुसऱ्या पिक्चरमध्ये टोनी घराच्या भिंती फोडून पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर बसवतो आणि नवीन मूलद्रव्य बनवतो, तेही इंदूरकरांनी जरा प्रेमाने बघायला हवं, कारण आपल्या राजा रामण्णा केंद्रात, आपण सगळे ज्याला कॅट म्हणतो, इंडस-२ आहे, १७२.५ मीटर घेराचं. तिथे मूलद्रव्य बनवत नाहीत, इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून क्ष-किरणांचा अतिशय प्रखर झोत मिळवतात आणि त्याने पदार्थ आतून कसा आहे ते बघतात. म्हणजे खरंच कोणी चिलखताचा नवा धातू बनवला तर तो तपासायला असल्याच जागी न्यावा लागेल. आणि नव्या मूलद्रव्यांचं म्हणाल तर ११८ क्रमांकापर्यंत माणूस पोचलाय, पण ही सगळ्यात जड मूलद्रव्यं सेकंदाचा बारीकसा भागच टिकतात, त्यांच्यावर काही चालवणं शक्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. सूट पुढे कुठे कुठे जाऊ शकतो?

एक वाट आत जाते. २००५-०६ च्या 'एक्स्ट्रीमिस' ह्या कॉमिक कथेत वॉरन एलिस आणि अदी ग्रानोव्हने सूटचा आतला थर टोनीच्या हाडांत साठवला, २०१० च्या सुमाराला अख्खा सूटच शरीरात गेला. आपल्याला हे नवीन वाटायला नको, कर्णाचं कवच जन्मापासून अंगाचाच भाग होतं आणि म्हणूनच ते द्यायची वेळ आली तेव्हा त्याला स्वतःची कातडी सोलून द्यावी लागली. कवच अंगात गेलं की ते काढण्याची किंमत रक्ताची होते. पिक्चरवाल्यांनी ही वाट धरली तर त्यांनी तो काढण्याचा सीन लिहायलाच हवा, तो नसेल तर नुसताच आणखी एक भारी इफेक्ट.

दुसरी वाट लांब जाते, म्हणजे रिकामे सूट, माणूस घरी. तिसऱ्या पिक्चरच्या शेवटी रिकाम्या सूटची अख्खी फौज येते, आणि आजच्या युद्धात ड्रोन ज्या वेगाने वाढलेत ते बघता सायन्सच्या दृष्टीने हीच वाट सगळ्यात खरी आहे. उष्णता, वजन, ९०० जी, सगळेच प्रश्न माणूस बाहेर काढला की सुटतात. पण गोष्ट मरते. आत कोणी नाही म्हटल्यावर सूट फुटला काय आणि नाही काय, मला कशाला धडधड होईल?

तिसरी वाट मला रात्री विचार करायला लावते. माणसाला काहीतरी दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. आवाजाच्या वेगाने उडत असाल तर तेवढ्यात तुम्ही ८० मीटर पुढे गेलेले असता. म्हणजे त्या वेगात वळायचं कुठे, गोळी चुकवायची कशी, फायर करायचं की नाही, हे माणूस ठरवूच शकत नाही, सूटमधल्या एआयला ठरवावं लागणार. जार्विस, फ्रायडे ही मंडळी पिक्चरमध्ये गोड बोलतात, चेष्टा करतात, पण त्या वेगात खरा निर्णय त्यांचाच असणार आणि टोनी आत बसलेला प्रवासी. कॉमिकमध्ये २००० साली एक कथा आली होती, सूटला स्वतःची जाणीव येते आणि तो टोनीवर हक्क सांगायला लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी ती फँटसी होती, आज आपण रोज एआयशी बोलतो आणि माणसाच्या मेंदूत बसवलेल्या चिपने कॉम्प्युटरचा कर्सर हलतोय, तेव्हा ही कथा आता करायला हवी. सूटने माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्या कोणाला मारलं तर तो गुन्हा कोणाचा? आत बसलेला म्हणेल मी तर बटणच दाबलं नाही. हा प्रश्न घेऊन अडीच तासांचा पिक्चर सहज होतो आणि त्याला आकाशातून परग्रहवाले उतरवायची गरज पडत नाही.

चौथी वाट म्हणजे सूट दुसऱ्यांच्या हातात जाणं. १९८७-८८ च्या 'आर्मर वॉर्स' कथेत टोनीला कळतं की त्याचं तंत्रज्ञान चोरून भलत्याच लोकांनी वापरलंय आणि तो प्रत्येकाच्या मागे लागतो, सरकारच्या माणसांना पण सोडत नाही, कॅप्टन अमेरिकाशी भांडतो. मार्व्हलने २०२० मध्ये रोडी करणाऱ्या डॉन चीडलला घेऊन ह्याच नावाची सिरीज जाहीर केली आणि २०२२ मध्ये तिचा सिनेमा करायचं ठरवलं. दुसरीकडे रिरी विल्यम्स आली, आधी २०२२ च्या 'वाकांडा फॉरएव्हर'मध्ये आणि मग २०२५ ला तिच्या स्वतःच्या 'आयर्नहार्ट' सिरीजमध्ये. शिकागोची मुलगी, एमआयटीपर्यंत पोचलेली, डोकं टोनीच्या तोडीचं पण मागे स्टार्क इंडस्ट्रीज नाही. पार्ट आणायला पैसा नाही, पैशासाठी चुकीच्या लोकांबरोबर काम, आणि एआय बनवायला जाते तर तिची मेलेली मैत्रीण समोर उभी राहते. सिरीजवर मतं वेगवेगळी आहेत पण ही मांडणी मला शंभर टक्के पटते, कारण खूप वर्षांनी सूटची पहिली अडचण परत साधी झाली, सामान कुठून आणायचं. इंदूरच्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्टसाठी भंगारातून मोटर शोधत फिरणारी पोरं-पोरी मी दरवर्षी बघतो, त्यांना टोनीपेक्षा रिरी जवळची वाटायला हवी. नंतर तिच्या सूटमध्ये जादू घुसवली तिथे मी थोडा नाराज झालो, कारण जादू आली की हिशेब संपतो.

आणि मग डूम. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये टोनी करणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरने हिरवा झगा घालून, मास्क काढून जाहीर केलं की तो आता डॉक्टर डूम हा व्हिलन करतोय, 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' साठी पुढे १८ डिसेंबर २०२६ ही तारीख लावली गेली. बरेच लोक म्हणाले हा फक्त जुना चेहरा विकण्याचा प्रकार आहे. मला तसं वाटत नाही, किंवा तेवढंच वाटत नाही. डूम हा चिलखतवाल्यांमध्ये आयर्न मॅनपेक्षा वयाने मोठा आहे, जुलै १९६२ च्या 'फॅन्टास्टिक फोर'च्या पाचव्या अंकात तो आला, टोनीच्या आठ महिने आधी. दोघंही प्रचंड हुशार, दोघांनाही वाटतं की जग आपणच वाचवू शकतो, दोघंही लोखंडात. फरक एवढाच की टोनीने सूट जीव वाचवायला घातला आणि डूमने चेहरा लपवायला.

ह्या चेहऱ्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. २००८ मध्ये फेवरोपुढे अडचण होती की हिरोला लोखंडी डब्यात बंद केलं तर अ‍ॅक्टिंग दिसणार कशी? मग त्यांनी हेल्मेटच्या आतला क्लोजअप आणला, अंधारात डाउनीचा चेहरा आणि भोवती निळे आकडे तरंगतायत. तो एक शॉट नसता तर मला वाटतं ही सगळी सिरीजच चालली नसती. तेव्हा सूटसुद्धा बऱ्याच सीनमध्ये स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओने खरोखरचे बनवलेले होते, त्यात चालताना अंग जड होतं आणि ते पडद्यावर जाणवतं. पुढे पुढे सूट जवळजवळ पूर्ण कॉम्प्युटरवर आले, हेल्मेट दर दोन वाक्यांनी उघडायला लागलं, 'एंडगेम'पर्यंत तर भर लढाईत टोनीचं डोकं उघडं. धोका कमी झाला असं नकळत वाटायला लागतं, कारण ज्याला खरंच भीती आहे तो डोकं झाकून घेतो.

डूमचा मास्क उघडत नाही. कॉमिकमध्ये त्याच्या चेहऱ्यावर जखमा आहेत आणि त्या कोणी बघाव्यात हे त्याला सहनच होत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक घेतलाय आणि तो झाकून ठेवायचाय. आवाज, मानेचा कल, हाताची बोटं, चालण्यातला जडपणा, एवढ्यावर त्याला अडीच-तीन तास काढायचेत. नॅनोने जी मर्यादा घालवली ती इथे एका साध्या पत्र्याने परत येते. मी म्हणूनच त्या पिक्चरमध्ये डूमच्या हातातून काय निघतं ह्याच्याकडे फार लक्ष देणार नाही, मास्क किती वेळ बंद ठेवायची हिंमत ते करतात हे बघणार आहे. माझा अंदाज आहे की निदान पहिला तासभर तरी ते बंद ठेवतील, आणि ते लोकांनी उचलून धरलं तर रोडीचा, रिरीचा आणि नंतर जो कोणी नवा येईल त्याचाही सूट ह्याच रीतीने लिहिला जाईल, आधी त्याला काय जमत नाही ते ठरवून.